आम्हाला फिजिक्स जड जातंय

माझी जात, पोटजात, गाव, तालुका, जन्मतारीख सगळं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे. पण २०२३ च्या जूनपासून मी ज्या समाजात मोडतो, त्याची नोंद कुठल्याच दाखल्यावर सापडणार नाही. या समाजाला कुलदैवत नाही, याचा मेळावा भरत नाही, वधू-वर सूचक मंडळ नाही. (मंडळ लवकरच निघेल. एमबीबीएसला लागलेल्या मुलामुलींची पत्त्यासह यादी ज्यांच्याकडे तयार आहे, त्यांना हे सुचल्याशिवाय राहणार नाही.) हा समाज म्हणजे लातूरचे नीट-पालक.

मी अहमदपूरकडे पदवीच्या पोरांना भाषा शिकवतो. त्यामुळे चार माणसं एका विशिष्ट पद्धतीनं बोलताना दिसली की माझा कान तिकडे जातो. जॉन स्वेल्स नावाच्या इंग्रज भाषाभ्यासकाने १९९० च्या एका पुस्तकात, बोलण्या-लिहिण्याच्या समान रीतीने बांधलेला समूह कसा ओळखायचा, त्याच्या सहा खुणा दिल्या आहेत. सगळ्यांचं उद्दिष्ट एक असावं, निरोपाची सोय असावी, सभासदांनी ती वापरावी, ठरलेले मजकूर असावेत, बाहेरच्याला न कळणारे शब्द असावेत आणि नवख्यांना वळण लावायला जुनी खोडं पुरेशी असावीत. उदाहरण म्हणून त्यांनी हाँगकाँगची टपाल तिकिटं जमवणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ घेतलं. साहेबांनी उगाच लांबचा प्रवास केला. उद्योग भवनाच्या परिसरात संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी ते चहाच्या गाड्यापाशी अर्धा तास उभे राहिले असते, तर सहाही खुणा एका कटिंगमध्ये मिळाल्या असत्या. वर सातवी सापडली असती, ती मी पुढे सांगणार आहे.

हा समाज काही एका रात्रीत उगवला नाही. १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शहराची ओळख म्हणजे गंजगोलाई, तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, डाळ आणि अडत. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं, दयानंद त्याच्याही आधीचं. जनार्दन वाघमारे, अनिरुद्ध जाधव यांच्यासारख्या प्राचार्यांच्या काळात इथल्या मास्तरांनी एक साधी गोष्ट मनावर घेतली: पोराला येईपर्यंत शिकवायचं, आणि आलंय का हे बघायला सारखी परीक्षा घ्यायची. सुट्टीत तास, तासानंतर परीक्षा, परीक्षेनंतर चुकलेल्या प्रश्नांची परीक्षा. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या रांगेत औसा-निलंग्याची आडनावं येऊन बसायला लागली आणि 'लातूर पॅटर्न' हे दोन शब्द पुण्यात नाक मुरडून, मराठवाड्यात छाती फुगवून उच्चारले जाऊ लागले. पुढे सीईटी आली, गुणवत्ता यादी बंद झाली, वैद्यकीयसाठी सीईटी जाऊन नीट आली. पॅटर्न तेवढा टिकला. मात्र पूर्वी तो मुलांचा होता, आता तो पालकांचा झाला आहे.

समाजात प्रवेश जूनमध्ये मिळतो आणि तोंडी परीक्षा घरमालक घेतो. आमचं म्हणजे नेहमीचंच: बायको आणि मुलगी लातुरात खोली करून, मी नोकरीच्या गावी, शनिवारी संध्याकाळी एसटीनं लातूर. खोली बघायला गेलो तेव्हा मी, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या शहरात कुठलाही शहाणा माणूस विचारेल तोच प्रश्न विचारला.

"पाणी कसं आहे?"

"बोअर हाय की. पोरगी फ्रेशर हाय का रिपीटर?"

"आत्ता अकरावीला."

"दहावीला किती?"

मी टक्के सांगितले. घरमालकांनी ते दोन क्षण तोंडात घोळवले. "सायन्सला किती, गणिताला किती, ते सांगा ओ. टोटलला काय करायचंय, टोटल मराठीनं वाढतीय." मी मराठीचा माणूस आहे हे मी सांगितलं नाही. भाडं ऐकून मी जरा घासाघीस केली, तेव्हा त्यांनी खोलीच्या भिंतीकडे बोट केलं. "ह्या खोलीतनं तीन लागलेत, सर. एक संभाजीनगरला, एक नांदेडला, एक मुंबईला." भिंतीला ओल होती. पण त्या ओलीतून तीन डॉक्टर निघाले म्हटल्यावर भाडं कमी कशाला होईल? लातुरात माणसांचा निकाल लागतो तसा खोल्यांचाही लागतो. समोरची खोली मोठी, हवेशीर आणि स्वस्त होती. तिच्यातून गेल्या वर्षी एकजण बीकॉमला गेला होता.

मग भाषा शिकायची. ती शिकवायला क्लास नाही, ही या शहरातली एकमेव गोष्ट असावी. ती जिन्यात, मेसच्या दारात आणि झेरॉक्सच्या रांगेत आपोआप अंगात भिनते. पहिला धडा सर्वनामांचा. या समाजात तृतीयपुरुषी एकवचन नाही. पोरगं आजारी पडलं तर 'तो आजारी आहे' हे चालतं. पण अभ्यासाचं काही निघालं की लगेच प्रथमपुरुषी अनेकवचन. "आमची बॉटनी झाली, झूलॉजी राहिलीय." "आम्हाला फिजिक्स जड जातंय." "आम्ही ऑरगॅनिक सोडून दिलंय, इनऑरगॅनिकवर जोर लावलालाव." हे बोलणाऱ्या काकूंचं शिक्षण कला शाखेचं असतं आणि त्या मेथीची जुडी निवडत असतात. माझी बायको तिसऱ्या महिन्यात डॉक्टरकडे डोकेदुखीसाठी गेली. कधीपासून दुखतंय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "रोटेशनल मोशन सुरू झाल्यापासून." डॉक्टर लातूरचेच. त्यांनी मान हलवली आणि गोळी लिहून दिली. त्यांना आणखी काही विचारावं लागलं नाही.

मी स्वतः या अनेकवचनाला बरेच दिवस विरोध केला. भाषेच्या माणसाला हे खटकणारच. दिवाळीत गावाकडे भावानं विचारलं, "काय, कसं चाललंय पोरीचं?" आणि मी म्हणालो, "आपण बायोत तीनशेच्या वर आहोत." भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. माझी मुलगी तर माझ्याकडे अशी बघत होती, जशी ती मेंडेलच्या वाटाण्याकडे बघते.

या भाषेतला सगळ्यात उपयोगी शब्द म्हणजे 'सिली'. मूळचा 'सिली मिस्टेक', पण मिस्टेक कधीच गळून गेली. आता 'सिली' हे स्वतंत्र नाम आहे, स्त्रीलिंगी, अनेकवचनात वापरायचं. "किती झाल्या?" "अकरा सिली झाल्या ओ, न्हाईतर..." त्या 'न्हाईतर'पुढे जे न बोललेलं असतं, तिथं समाजाचा सगळा संसार उभा आहे. हिशेब असा. नीटला १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकलेल्याला वजा एक, एकूण ७२०. म्हणजे एक सिली पाच गुणांना पडते: चार आले नाहीत, एक हातचा गेला. मुलाला चाचणीत ५२० पडले. दहा सिली, ५० मिळवा, ५७०. पाच प्रश्न वेळेअभावी सुटले, २० मिळवा, ५९०. दोन-तीन प्रश्न अजून शिकवायचेच होते, ते आपल्या हातात नाही, धरा सहाशे. मग झेरॉक्सच्या रांगेत कुणी विचारलं की उत्तर येतं, "सहाशेच्या आतबाहेर करलालाय." ऐकणाराही याच समाजातला असल्यामुळे हाच जिना उलटा उतरतो आणि मनात बरोबर ५२० वर येऊन थांबतो. खोटं कुणीच बोललेलं नाही. फसलेलंही कुणी नाही.

उलट ज्याचं पोर खरंच साडेसहाशेच्या घरात असतं, ते पालक आकडाच काढत नाहीत. "काय सांगता येत न्हाई बघा." "चाललंय आपलं." "नशिबात असंल ते." नशीब हा शब्द आला की समजावं, पोर हुशार आहे. आणि "बरं चाललंय, मेहनत खूप करतोय" असं कुणी म्हणालं तर पुढे विचारू नये, चहाचे पैसे आपण द्यावेत.

पण या समाजाच्या गणिती बुद्धीचा खरा कस लागला तो ४ जून २०२४ ला. त्या दिवशी देशात लोकसभेची मतमोजणी होती. लातुरातही होती म्हणे. आमच्या जिन्यात मात्र दिल्लीत कोण बसणार याची चौकशी कुणी केली नाही, कारण संध्याकाळी नीटचा निकाल येऊन पडला. ६७ जणांना ७२० पैकी ७२०. हेही एकवेळ पचलं असतं. काहींना ७१९ आणि ७१८ पडले होते, आणि तिथं आमचा समाज खवळला. कारण नीट-पालकाच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल की हे आकडे अस्तित्वातच नाहीत. एक प्रश्न सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. ७२० आणि ७१६ च्या मध्ये काही नाही, नुसती दरी आहे. देशातल्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांना हे कळायला वेळ लागला असेल. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्या दुधाचा हिशेब अजून बोटांवर करतात, पहिल्या पाच मिनिटांत निकाल दिला: "सातशे अठरा पडूच शकत न्हाई. कुणीतरी वरून टाकलंय." वरूनच टाकलं होतं. परीक्षेत वेळ वाया गेला म्हणून १,५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले गेले होते. ते पुढे काढून घेण्यात आले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली. याच परीक्षेच्या पेपरफुटीच्या तपासाचा धागा त्याच महिन्यात लातूरपर्यंत आला तेव्हा मात्र झेरॉक्सच्या रांगेत कुणाला विनोद सुचत नव्हते. जी पोरं रात्री दोनपर्यंत प्रामाणिकपणे डोळे फोडत होती, त्यांच्याही शहराच्या नावापुढे लोक प्रश्नचिन्ह काढायला लागले, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन खोचक झाले. त्या फोनांना काय उत्तर द्यायचं, यासाठी आमच्या समृद्ध भाषेत एकही वाक्य तयार नव्हतं.

गुणांची किंमतही स्थिर नसते, हे नवख्याला कळायला वर्ष जातं. २०२४ ला सहाशेच्या पुढचे पालक तोंड पाडून बसले होते. २०२५ चा फिजिक्सचा पेपर असा आला की देशात पहिला आला तोच ६८६ वर, आणि पाचशेच्या थोड्या वर असलेल्यांच्या घरी पेढे आले. बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. आमच्या समाजात अर्धे बाप शेतकरी, त्यांना समजावून सांगावं लागत नाही. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि अडतीवर काय मिळतं, हे ज्यानं पोतं उतरवून पाहिलं आहे, त्याला 'एक्स्पेक्टेड कट-ऑफ' आणि 'ॲक्च्युअल कट-ऑफ' यांतला फरक आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. आमच्या शेजारच्या खोलीतल्या मावशींचा नवरा चाकूरकडून फोन करायचा. तो म्हणायचा, "चार हजार दोनशे निघाला." मावशी किंचाळायच्या, "कुठल्या कॅटेगरीचा?"

कॅटेगरीवरून आठवलं. या समाजात दाखल्यांचं एक स्वतंत्र उपनिषद आहे. डोमिसाईल, नॉन-क्रीमिलेयर, जात वैधता, ईडब्ल्यूएस, एसईबीसी. एमबीबीएसला लागलेलं पोर चार-साडेचार वर्षांत शरीरशास्त्र शिकतं. त्याचा बाप त्याआधी दोन वर्षांत महसूलशास्त्र शिकलेला असतो. आजोबांचा शाळेचा दाखला कुठल्या तालुक्यात, निजामकाळातली नोंद कुठल्या लिपीत, ती वाचणारा माणूस कुठल्या गल्लीत, आणि तो जेवायला किती वाजता जातो, इथपर्यंत माहिती तोंडपाठ. सेतू केंद्रातल्या पोरालाही एखादा नियम अडला तर तो रांगेकडे बघून विचारतो, "नीटवालं कुणी हाय का?"

समाजाला महाकाव्यही आहे. त्याचं नाव 'सत्तर-तीस'. पूर्वी राज्यात वैद्यकीयच्या जागा वाटताना ७० टक्के जागा ज्या विभागात कॉलेज आहे त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाकीच्या राज्याला अशी पद्धत होती. मराठवाड्यात कॉलेजं मोजकी, हुशार पोरं ढिगानं. त्यामुळे जास्त गुणांचं लातूरचं पोर घरी आणि कमी गुणांचं दुसरीकडचं पोर कॉलेजात, अशी तक्रार वर्षानुवर्षं होती. सप्टेंबर २०२० मध्ये ही पद्धत रद्द झाली. वैद्यकीय शिक्षणमंत्री तेव्हा लातूरचेच अमित देशमुख होते, हे सांगताना निवेदक इथं थोडा थांबतो, श्रोत्यांनी मान हलवायची असते. मला हे महाकाव्य निदान पाच वेगवेगळ्या निवेदकांकडून ऐकायला मिळालं. प्रत्येकाच्या पाठात एक पोर असतंच, ज्याची जागा सत्तर-तीसमुळे दोन गुणांनी गेली. नीटमध्ये दोनच गुणांनी मागं राहणं कसं जमतं, हे समजायला वर दिलेला हिशेब पुरतो: एकाच्या दोन सिली वाढल्या आणि दुसऱ्याचे दोन प्रश्न सुटले, की जमलं. मी हे एकदा मोठ्यानं मांडून दाखवलं. निवेदक म्हणाले, "सर, तुम्ही साहित्याचे ना? मग रस घ्या की."

जुनी खोडं पाहिजेत, असं स्वेल्ससाहेब म्हणाले होते. ती इथं तीन प्रतींत मिळतात. पहिली, रिपीटरचे पालक. हे शांत असतात, चटई बरोबर आणतात आणि नवख्या बापाला "पहिल्या वर्षी असंच वाटतं" एवढंच सांगतात. दुसरी, ज्यांचं मोठं पोर लागलं आणि धाकटं आता इथं आहे. या घरातली आई म्हणजे साक्षात पीठ. आमच्या गल्लीतल्या अशा एका काकूंचा शब्द क्लासच्या सरांपेक्षा वर चालायचा. कुठल्या मेसची आमटी आंबट, कुठल्या अभ्यासिकेत पंखा वाजतो, चॉइस फिलिंगमध्ये अंबाजोगाई वर टाकायचं का नांदेड, जागा मिळाली तर रिटेन करायची का पुढच्या फेरीला थांबायचं, सगळ्यांचा निवाडा तिथं व्हायचा. बायका निवाड्याला जाताना हात रिकामे ठेवत नसत. निदान चार धपाटे तरी. तिसरी जात दुर्मिळ आणि थोडी केविलवाणी: ज्यांची सगळी पोरं लागून गेली, तरी जे अजून येतात. एक निवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी चहाच्या गाड्यापाशी असायचे. मुलगा मुंबईत शिकत होता, घरी परत जायला काही अडचण नव्हती. मी विचारलं, आता इथं कशाला? म्हणाले, "गावाकडं बोलायला कुणी न्हाई ओ. परवा पारावर म्हणलं, स्ट्रे राउंडला दोन जागा निघाल्या, तर लोकं म्हणलाले, कुणाच्या जागा, किती गुंठे?"

ठरलेल्या मजकुरांत सगळ्यात मोठा, अक्षरशः मोठा, म्हणजे फ्लेक्स. निकालानंतर लातुरात आभाळ दिसत नाही. प्रत्येक चौकात पासपोर्ट फोटोतली गंभीर मुलं रांगेनं लावलेली, खाली गुण, वर सरांचा त्यांच्याहून मोठा फोटो. एकच मुलगी शिवाजी चौकात एका क्लासची, पाच नंबर चौकात दुसऱ्याची आणि औसा रोडला तिसऱ्याची असू शकते. हे वाचण्याची विद्या वेगळी. नवखा आकडा वाचतो, जुना माणूस खालची बारीक ओळ शोधतो: मुलगी वर्षभर तिथं होती का नुसत्या टेस्ट सिरीजला, का चाचणीच्या दिवशी पेन उसनं मागायला आली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी मुलाच्या लेखी संमतीशिवाय त्याचं नाव-फोटो वापरायचा नाही, त्यानं नेमका कुठला कोर्स केला ते सांगायचं. गल्लीतल्या काकूंना मी हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बारीक ओळ आता जरा जाड करतील, दुसरं काय."

पालक सभा हा दुसरा मजकूर. तिचा क्रम ठरलेला: सुरुवातीला सर सांगतात, मुलांवर दबाव टाकू नका. पालक माना डोलावतात. मग सर मागच्या चाचणीचे क्रमांक पडद्यावर लावतात.

परीक्षेचा दिवस, मे महिन्यातला रविवार, हा समाजाचा वार्षिक उत्सव. पोरं अर्ध्या बाह्या, साध्या चपला, कानात-गळ्यात काही नाही, अशी सुतक असल्यासारखी रांगेत. दीडला गेट बंद, दोनला पेपर. बाहेर लिंबाखाली सतरंज्या पडतात, पाण्याचे जार उघडतात, उन्हाचा पारा कट-ऑफसारखा वर चढत असतो. आमच्या वर्षी आत पोरांनी नाव-नंबर भरला असेल-नसेल, सव्वादोनला बाहेर बातमी आली: "फिजिक्स लेंदी हाय म्हणं." कुणी सांगितलं, कसं कळलं, आत तर जॅमर. पण कुणालाही हे विचारावंसं वाटलं नाही. पावणेतीनपर्यंत केमिस्ट्री सोपी झाली होती, सव्वातीनला बायोतले दोन प्रश्न बोनस जाहीर झाले आणि साडेचारला लिंबाखाली अपेक्षित कट-ऑफ सर्वानुमते ठरला. पाचला मुलं बाहेर आली. आमची मुलगी आली, पाण्याची बाटली घेतली आणि म्हणाली, "भूक लागली." सतरंजीवरच्या मंडळींना तिचं मत विचारण्याची गरज वाटली नाही. पेपर त्यांचा आधीच सोडवून झाला होता.

स्वेल्ससाहेबांच्या यादीत नसलेली सातवी खूण हीच. ज्यांच्याबद्दल अहोरात्र बोलणं चालतं, ते या समूहाचे सभासदच नाहीत. मुलांची भाषा वेगळी आहे. ती एकमेकांना मार्क विचारत नाहीत, "जेवला का बे" विचारतात. (हा 'बे' विदर्भातून आलेल्या पोरांनी रुजवला, लातूरची पोरंही आता 'जेवलालाव का' सोडून तेच म्हणतात.) ती खिडकीतून पलीकडच्या अभ्यासिकेतल्या पोरांशी क्रिकेटचा स्कोअर बोटांनी बोलतात. आम्ही जिन्यात आलो की त्यांचं बोलणं थांबतं, जसं आमचं ती आल्यावर थांबतं.

आमचा निकाल लागला. आमचा म्हणजे, तिचा. एमबीबीएसपासून थोडा अलीकडे, बीएएमएसच्या मधल्या पायऱ्यांवर रेंगाळेल असा. रिपीटची खोली बायकोनं मनात धरून ठेवली होती. मी पसंतीक्रमाची तीन पानी यादी केली होती, काकूंकडून तपासूनही आणली होती. मुलगी म्हणाली, मला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय. हे ती दहावीपासून म्हणत होती, असं तिचं म्हणणं. बायकोला आणि मला ते ऐकल्याचं आठवत नाही. तिच्या आजीला आठवत होतं. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, घरापासून लांबही नाही. तिला तिथं जागा मिळाली आणि आजीनं एका वाक्यात विषय मिटवला: "बरं झालं, आता म्हशीला तरी कुणी विचारंल."

समाजाला मात्र हे कुठल्या खान्यात टाकावं कळेना. झेरॉक्सच्या रांगेत मला विचारलं गेलं, "लागली का?"

"लागली."

"कुठं?"

"उदगीरला."

"उदगीरला जीएमसी कधी झालं ओ?"

मी खुलासा केला. समोरच्याच्या चेहऱ्यावर 'लागली' आणि 'न लागली' यांच्यामधली, ७१८ सारखी, मुळात नसलेली जागा शोधण्याचे कष्ट दिसले. "ते बी चांगलंय," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले. माझं सभासदत्व त्या दिवशी रद्द झालं, असं मी धरून चाललो होतो.

तसं काही झालं नाही. गेल्या आठवड्यात निलंग्याहून बायकोच्या मावसभावाचा फोन आला. "दाजी, तुमचा अनुभव मोठा. पोरगी सातवीला हाय. आतापासनं काय करावं?" पुढचा पाऊण तास मी बोलत होतो. फाउंडेशन, इंटिग्रेटेड, एनसीईआरटी ओळ न ओळ, निगेटिव्ह मार्किंगचं मानसशास्त्र, नॉन-क्रीमिलेयर मार्चमध्ये का काढायचं, पूर्वेकडची खोली का घ्यायची नाही. बायको स्वयंपाकघरातून मुद्दे पुरवत होती. शेवटी मला माझी नोकरी आठवली असावी. मी विचारलं, "पोरीला स्वतःला काय आवडतं?"

"तिला कशाला विचारता, दाजी? तिला त्यातलं काय कळलालंय! तुम्ही ते फाउंडेशनचं पुन्हा एकदा सांगा, मी लिहून घेलालाव."